कापलेला करगोटा

गिरजाबाईनं टाहो फोडल्याशिवाय त्या गावात कोणी मेलं असं धरत नसत.

चामोर्शीच्या अलीकडं, वैनगंगेपासून कोसभर आत, मोठ्या तलावाच्या पाळीला लागून धिवरांची तीस-पस्तीस घरं. पाण्यावर जगणारी माणसं, तेव्हा पाण्यात मरणारीही. बुडालेला माणूस जाळ्यात वर आला की पुरुष जाळं धरून गप उभे राहत, बाया पदर तोंडात कोंबून थांबत. मग वयानं थोर असलेली बाई पाळ उतरून यायची, अंगाला हात लावायची, विळ्यानं कमरेचा करगोटा कापायची आणि हंबरडा फोडायची. त्यानंतर सगळ्यांचं रडणं मोकळं. बारशाला बांधलेला करगोटा, बाई असो की बाप्या, कमरेवरून उतरतो तो असा एकदाच. झिजला तर आधी नवा बांधायचा, मग जुना सोडायचा. जिवंत माणसाची कंबर घटकाभरही रिकामी ठेवायची नाही.

गिरजाबाईला हा मान सासूकडून आला. मान कसला, ओझंच. तिचा आवाज पाळीवरून निघाला की पलीकडच्या भातशेतात, बांधीत, रोवणं करणाऱ्या बायाही हातातले धानाचे परे टाकून उठायच्या.

पण हा मान यायच्या आधीचा एक करगोटा तिनं कापला नाही. तो तिच्या हातात कापलेलाच आला. लटारू तेव्हा सहा महिन्यांचा होता. शेजारच्या गावच्या लोकांनी भर दुपारी यांच्या तलावात जाळी टाकली आणि पाळीवर काठ्या चालल्या. तिचा नवरा इस्तारी सगळ्यांच्या पुढं. एकानं डोंग्याचं वल्हं दोन्ही हातांनी उचलून त्याच्या डोक्यात घातलं. ओला नारळ फुटावा तसा आवाज झाला. तो आवाज चाळीस वर्षांनंतरही तिच्या कानात होता. बैलगाडीतून दवाखान्यात नेलं. रक्त द्यायला तिघं बाहेर बाकावर बसले. दोन घटकांनी कंपाउंडर आला, तिघांना म्हणाला, जा घरी, आणि वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेला कापलेला करगोटा त्यानं गिरजाच्या हातावर ठेवला.

लटारू बापाचे खांदे आणि बापाचाच राग घेऊन वाढला. चामोर्शीच्या बाजारात तराजूवरून एकाचा जबडा मोडला होता त्यानं. रंजीता नांदायला आली, तिचे दोन गर्भ गेले, आणि उशिरानं सोनू झाला तेव्हा कुठं हा माणूस जरा खाली बसायला शिकला. पण सोनू वाढेना. दूध पिताना घामानं भिजायचा, चार पावलं चालला की कोंबडीच्या पिलासारखी छाती उडायची. तिसऱ्या वर्षी नऊ किलो. अंगणवाडीत आलेल्या डॉक्टरनं छातीला नळी लावली आणि सांगितलं, काळजाच्या मधल्या भिंतीला भोक आहे.

चंद्रपूरला लहान मुलांच्या काळजाचं नवं इस्पितळ निघालं होतं. तिथं तारीख मिळाली. गावातून रक्त द्यायला चौघं आले. त्यांत लटारूचा जाळ्याचा जोडीदार चैतू होता, बोलण्यात कोणाला न हरणारा.

आदल्या दिवशी मशीनवाली मॅडम वॉर्डात आली. ललिता नाव, कुरखेड्याची, तिशीतली, केस घट्ट बांधलेले. काळीज बंद ठेवून शिवायचं असतं, तेवढा वेळ रक्त बाहेर काढून, त्यात हवा भरून परत अंगात सोडणारी मशीन ही बाई चालवायची. तिनं रंजीताला समजावलं, पण समजून घेतलं गिरजाबाईनं.

"आजी, तळ्या-बोडीतलं पाणी पाळीवरून खालच्या बांधीत कसं आणता तुमी?"

"पाइप पाण्यानं भरायचा, एक टोक बोडीत, एक खाली. उतार असला का आपसूक येते."

"तसंच. लेकरू टेबलावर वर, मशीनची टाकी खाली जमिनीवर. रक्त आपसूक उतरते. पण मोठ्या माणसाचं ठीक हाय. याचं सारं रक्त मिळून मोठा तांब्याभर. लांब नळीतच अर्धं जाईन. मग दुसऱ्याचं रक्त भरा लागते."

"मंग?"

"मंग टाकी उचलून त्याच्या जवळ लावतो. नळी हातभर. पण जवळ आणली का उतार राहत नाई, म्हणून टाकीला हवेची जराशी ओढ लावतो. भिंतीतून येते ती."

गिरजाबाईनं दोन बोटांनी हवेतच पाइप दाबून पाहिला. "इंजिनानं जास्त ओढलं तर पाइप चपटा होते, बाई. पाणी येणंच बंद होते."

ललितानं तिच्याकडं वर मान करून पाहिलं. "शीरही चपटी होते. म्हणून जराशीच ओढ. तुमी याची काळजी नका करू. रक्त बहुतेक लागणारच नाई. पण माणसं बसवून ठेवा."

सकाळी नर्सनं सांगितलं, अंगावरचं सगळं काढा, दोरा, ताईत, काही ठेवायचं नाही. रंजीतानं गळ्यातला ताईत सोडला, हातातला काळा दोरा सोडला. करगोट्याला हात घालणार तोच गिरजाबाईनं तिचं मनगट धरलं.

"तो नाई."

"नर्सबाई म्हणते ना, आत्या."

"नर्सबाईले काय समजते? जित्या लेकराची कंबर रिकामी करून आत पाठवू काय?"

सोनूला झोपताना करगोट्यातला चांदीचा मणी बोटांत धरायची सवय होती. गिरजाबाईनं दोरा दोन बोटांनी खाली सरकवला, लंगोटाच्या आत दडवला. सोनू तिच्याकडं बघून हसला. जणू दोघांनी मिळून चोरी केली होती.

आठ वाजता त्याला आत नेलं. दारावरचा लाल दिवा लागला.

चौघं रक्तवाले बाकावर बसले. चैतूला गप बसवेना. "माह्या रक्तात मोहाची दारू निघन. लेकरू गाणं म्हणतच उठन."

"तुह्या रक्तात मच्छीचा वास मारन," लटारू म्हणाला. "तुहं शेवटी घेऊ."

"असं काय? मंग तुहं घेऊ. लेकरू उठून आधी डॉक्टरलेच मारन."

लटारू हसला, पण त्याचा गुडघा थांबत नव्हता. थोड्या वेळानं तो उठून गेला. बराच वेळ आला नाही म्हणून गिरजाबाई जिना उतरून शोधायला गेली. इमारतीच्या मागं पत्र्याची खोली होती, आत पंप घरघरत होते. दाराशी लटारू बिडी ओढत बसला होता आणि पंप सांभाळणारा लच्छू त्याला आपलं राज्य दाखवत होता. लच्छू सिरोंच्याकडचा, पन्नाशीचा. बोलता बोलता तेलुगूत शिरायचा.

"या, अम्मा. ही प्राणवायूची नळी. आन हा पंप हवा ओढते. वर ऑपरेशनच्या भिंतीपर्यंत. हा काटा पाहा. वर कोणी ओढ लावली का इथी काटा हलते." त्यानं लटारूच्या पाठीवर थाप मारली. "तुह्या लेकराचीच ओढ हाय आता. पाहा, कसा कापून राह्यला."

लटारू त्या काट्याकडं बघत राहिला. गिरजाबाईनं त्याला चहाला नेलं.

साडेबारा वाजता आदेश नावाचा वॉर्डबॉय बाहेर आला. नोकरीला लागून त्याला महिनाही झाला नव्हता. त्यानं हातातला कागद पाहिला. "सोनूचे रक्तवाले? जाऊ द्या त्यांना घरी." मग खिशातून पांढरं पाकीट काढून गिरजाबाईच्या हातात ठेवलं आणि वळला.

पाकिटाचं तोंड चिकटवलेलं नव्हतं. तिनं तळहातावर उलटं केलं. काळा दोरा पडला, मणी पडला. दोरा कात्रीनं कापलेला होता.

जांघेतल्या शिरेत नळी घालायला सकाळी आठलाच कोणीतरी तो कापून ठेवला होता. रक्त लागणार नाही हे तिला कालच सांगितलं होतं. यांतलं काहीच तिच्या मनात आलं नाही. इस्तारीच्या वेळचा बाक, घरी पाठवलेले तिघं, वर्तमानपत्राचा कागद, एवढंच आलं. तिनं तोंड उघडलं.

पाळीवरचा तो आवाज त्या चकचकीत बोळात मावला नाही. खालच्या मजल्यावर औषधाच्या रांगेतली माणसं वर बघू लागली. रंजीता उभ्या जागी कोसळली, तिचं कपाळ बाकाच्या कोपऱ्यावर आपटलं. चैतूनं आधी डोक्यावरचा दुपट्टा काढला, कारण तेवढंच त्याला माहीत होतं. गिरजाबाई रडली म्हणजे मेला. विचारायचं कोणाला?

लटारू रडला नाही. त्यानं आदेशला पाठीमागून मानेला धरलं आणि त्याचं तोंड भिंतीवर आपटलं. एकदा, पुन्हा एकदा. नाकाचं हाड मोडलं, पांढऱ्या भिंतीवर लाल पंजा उमटावा तसं रक्त उमटलं. "माह्या लेकराले मारलं आन पाकीट देते," तो म्हणाला, अगदी हळू. पहारेकरी धावले. चैतूनं एकाच्या पोटात डोकं घातलं. बाकीच्या तिघांतल्या दोघांनी कोपऱ्यातली चाकांची छोटी मशीन उचलली, भिंतीतली ओढ गेली तर हाताशी असावी म्हणून ठेवलेली, आणि लाल दिव्याच्या दारावर फेकली. दार लोखंडी होतं, हललं नाही. मशीनचे तुकडे झाले. लटारूनं बाजूच्या काचेत मूठ घातली. काच कोपरापर्यंत त्याचा हात सोलत गेली. आतून बायकांच्या ओरडण्याचा आवाज आला, पण दार उघडलं नाही.

पहारेकऱ्याची काठी त्याच्या पाठीवर बसली, मग कानशिलावर. तो वळला, काठी हिसकली, ज्यानं मारली त्याच्याच गुडघ्यावर मोडली. आणि जिन्याकडं पळाला.

तो कुठं चालला हे एकट्या गिरजाबाईला कळलं. रडणं तोंडातच ठेवून ती त्याच्या मागं निघाली. फरशीवर त्याच्या रक्ताची धार होती, तिच्यावरूनच ती घसरत, कठडा धरत उतरली.

पत्र्याच्या खोलीत लच्छू डबा खात होता. लटारूनं भिंतीवरचा हातभर लांबीचा पाना काढला. लच्छूनं तोंडातला घास गिळायच्या आत हात वर केला, पाना मनगटावर आला आणि हात नको त्या बाजूला वळला. दुसरा घाव कानावर. लच्छू वरणभातात पडला. मग लटारू पंपाकडं वळला. "लेकराले चोखून घेतलं," तो म्हणत होता आणि मारत होता. काटा फुटला. बटणांची पेटी फुटली, ठिणग्या उडाल्या. पंप दोनदा खोकला आणि थांबला. शेजारचा दुसरा पंपही त्याच पेटीवर होता.

गिरजाबाई दारात पोचली तेव्हा खोली गप झाली होती. कधी नव्हे एवढी गप.

लच्छू एका हातानं उठून बसला. कानातून रक्त गळून त्याच्या खाकी शर्टावर उतरत होतं. तो थांबलेल्या पंपाकडं पाहत होता, लटारूकडं नाही.

"येड्या," तो म्हणाला. "काटा हलून राह्यला होता. आता, तू येईपर्यंत. मेलेल्या लेकराले कोण ओढ लावते?"

लटारूच्या हातातला पाना तसाच राहिला.

"जितं हाय काय?" गिरजाबाईनं विचारलं.

"होतं, अम्मा. या पंपावर होतं."

तिनं लटारूच्या हातून पाना घेतला. दोन्ही हातांनी उचलला आणि त्याच्या इस्तारीसारख्याच रुंद खांद्यावर घातला. तो गुडघ्यावर आला. दुसऱ्यांदा उचलला, तेव्हा तो डोकं खाली घालून थांबला होता, माराची वाट पाहत. तिनं पाना टाकला. पदर फाडून लच्छूचं मनगट बांधलं. "माहं चुकलं," ती म्हणाली. "मीच रडली."

लच्छूला काही समजलं नाही. "वर जा," तो म्हणाला. "वर सांगा का पंप चालू होणार नाई. थांबू नका म्हना."

साठ पायऱ्या ती कशी चढली हे तिला पुढं कधी आठवलं नाही. लाल दिवा लागलेलाच होता. दाराला तोंड लावून ती ओरडली, "मॅडम, ओढ गेली. येणार नाई आता. खाली घ्या, टाकी खाली घ्या." मागं पहारेकरी चैतूला जमिनीवर दाबून बसले होते, त्याचे दोन दात फरशीवर होते.

थोड्या वेळानं दार बोटभर उघडलं. नर्सचे फक्त डोळे दिसले. "बी पॉझिटिव्ह कोण आहे? रक्तपेढीत दोनच पिशव्या आहेत, त्या लावतोय. आणखी लागेल. तपासणीला वेळ जातो, लगेच पाठवा."

घरी पाठवलेले रक्तवाले सगळे तिथंच होते. एकाचं डोकं फुटलेलं, दोघं पोलिसांच्या धाकानं कोपऱ्यात अंग चोरून बसलेले. चैतूनं गाल फरशीवरच ठेवून एक बोट वर केलं. "मी. यांले म्हना, उठू द्या मले. मंग हाणा."

पहारेकऱ्यांनी लटारूला खालून फरफटत आणलं होतं. त्यानं सोललेला हात पुढं केला. "माहं घ्या. माहं बी तेच हाय. सारं घ्या."

नर्सनं त्या हाताकडं पाहिलं, मग बोळाकडं. जिन्यापासून दारापर्यंत ओघळ पडला होता आणि सफाईवाली बाई खाली बसून तो पोत्यानं पुसत होती, बादलीत पिळत होती.

"यांचं नाही घेता येणार," नर्स म्हणाली. दार बंद झालं.

पाच वाजता ललिता बाहेर आली. गिरजाबाई दाराशी जमिनीवर बसली होती, मुठीत मणी. लटारूला पोलिसांनी नेलं होतं. ललिता तिच्यासमोर उकिडवी बसली.

"ओढ गेली तशी टाकीचं झाकण हवेला उघडं केलं, नाई तं उलटा दाब आला असता. मंग टाकी जमिनीवर सोडली, लांब नळी जोडली. उतारावर. तुमच्या बोडीवानी."

"आन नळी भरायले रक्त."

"हो. दोन पिशव्या. जोडेपर्यंत तीन मिनिटं सारं बंद होतं, आजी. काळीज बंद, मशीन बंद. अंग थंड करून ठेवलं होतं म्हणून धकलं. भोक शिवलं हाय. पण डोक्याले काही झालं काय ते उठल्यावर समजन." ती जरा थांबली. "तुमचा आवाज आतपर्यंत आला होता. पहिलाही, दुसराही."

दोन दिवस सोनू उठला नाही. काचेपलीकडं नळ्यांमध्ये पडलेलं नऊ किलोचं लेकरू. कपाळाला टाके घातलेली रंजीता काचेला नाक लावून उभी असायची. सासूशी ती एक शब्द बोलली नाही, आणि गिरजाबाईनं तो मागितलाही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी सोनूचा उजवा हात हलला. हळूहळू पोटावरून खाली गेला, कमरेशी थांबला. बोटं चाचपडली. डावीकडं, उजवीकडं. मणी सापडला नाही तेव्हा त्याचं तोंड वाकडं झालं आणि तो रडला. घशातल्या नळीमुळं आवाज नव्हता, नुसतं तोंड.

"ओळखते," रंजीता म्हणाली. "आत्या, त्याले आठवते." आणि तिनं सासूचा हात एवढ्या जोरानं धरला की तिची नखं रुतली.

लटारू अडीच महिने आत राहिला. बाहेर आला तो वाकून चालणारा. केस उभी आहे. आदेश नोकरी सोडून गेला. लच्छूचं मनगट जुळलं पण मूठ वळत नाही, आणि एका कानानं ऐकू येत नाही. गिरजाबाई दर महिन्याला तलावाची मरळ टोपलीत पाल्याखाली घालून त्याच्या खोलीवर जाते.

पहिल्यांदा गेली तेव्हा त्यानं मासे आत घेतले आणि दारातच म्हणाला, "अम्मा, केस मी मागं घेत नाई."

"घेऊ नको," ती म्हणाली. "त्याच्यावर केली. माह्यावर काऊन केली नाई?"

"कोणत्या कलमात बसते रडणं?" लच्छू हसला आणि चांगला कान तिच्याकडं वळवून बसला. "लेकरू कसं हाय?"

"पळते. पाळीवर पळते. मले पकडता येत नाई."

आश्विनात सुगंधाबाई गेली. गिरजाबाईपेक्षा दोन वर्षांनी लहान, तिच्याबरोबर सून म्हणून गावात आलेली, चिखलात एकत्र कमळाचे कांदे खणलेली. दुपारी खाटेवर पडली ती हलेना. अंगण माणसांनी भरलं. पुरुष गप उभे, बायांचे पदर तोंडात. कोणीतरी गिरजाबाईच्या हातात विळा दिला.

तिनं विळा जमिनीवर ठेवला. सुगंधाबाईचं मनगट धरून बसली. माणसं थांबली. बराच वेळ गेला. एक म्हातारा खाकरला.

"आशाताईले बोलवा," गिरजाबाई म्हणाली. "दुसरं कोणी पाहू द्या."

"आत्या, थंडी पडली ती," चैतू म्हणाला, दोन दातांच्या खिंडारातून. "समद्यायले दिसून राह्यलं."

"थंडं तं माहं लेकरूबी होतं."

आरोग्य उपकेंद्राची आशाताई सायकलवरून आली, नळी लावली, डोळे उघडून पाहिले, मान हलवली. तेव्हा गिरजाबाईनं विळा उचलला. त्या दिवशी टाहो उशिरा फुटला आणि पाळीच्या पलीकडं गेला नाही. बाया घरी जाताना एकमेकींना म्हणाल्या, म्हातारी थकली आता.